खाऱ्या हवेतला अग्निशामक: कोकणातल्या कारखान्यांसाठी, बोटींसाठी आणि खानावळींसाठी

भिंतीवरचा अग्निशामक ब्रॅकेटमधून काढा, आडवा करा आणि त्याचा तळ बघा. या लेखातलं बाकी काही जमलं नाही तरी एवढं आजच करा. वरून लाल चकचकीत रंग, गळ्यात देखभाल करणाऱ्या एजन्सीचा टॅग, गेजचा काटा हिरव्यात, आणि तळाच्या कड्याला हात लावला की गंजाचे पापुद्रे गळतात. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत बंदराजवळच्या कुठल्याही जागेत हे बघायला मिळतं. अग्निशामकाची माहितीपत्रकं साधारणपणे शहरातल्या कोरड्या कार्यालयांना धरून लिहिलेली असतात. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने खारी हवा. नियम तेच, पण ते पाळायचं वेळापत्रक इथल्या हवेने ठरवायला हवं.

दुसरी अडचण अंतराची. बंब असतो नगरपरिषदेच्या गावात किंवा लोटे, महाडसारख्या मोठ्या एमआयडीसीत. तिथून वाडीतल्या काजूच्या कारखान्यापर्यंत वळणावळणाचा, एका गाडीपुरता रस्ता. तेवढ्या वेळात आग काय करते हे सांगायला नको. म्हणून इथे अग्निशामकाकडून अपेक्षा एवढीच ठेवायची: सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांत लहान आग लहानच असताना विझवणं. त्यापुढचं काम त्याचं नाही.

पायरी पहिली: आपल्याकडे काय पेटू शकतं ते लिहून काढा

दुकानदार विचारतो, "किती पाहिजेत?" खरा प्रश्न आहे, कशासाठी पाहिजेत? वही घेऊन जागेत एक फेरी मारा आणि जिथे जे पेटू शकतं ते लिहा. आगीचे वर्ग सोपे आहेत. लाकूड, कागद, कापड, काथ्या, नायलॉनची जाळी ही ‘ए’. डिझेल, थिनर, रेझिन, तेल ही ‘बी’. एलपीजीसारखे वायू ‘सी’. मॅग्नेशियम, सोडियमसारखे धातू ‘डी’. हे रासायनिक कारखान्यांपुरतं, आणि तिथे साधी पावडर चालत नाही, खास पावडर किंवा कोरडी वाळू लागते. वीज हा वेगळा वर्ग धरला नाही तरी विजेच्या बोर्डाची नोंद स्वतंत्र करा.

आता आपल्याकडचे तीन-चार धंदे घेऊन बघू, कारण नुसत्या वर्गांवरून फारसं काही उमगत नाही.

काजूच्या कारखान्यात लोक बॉयलरला घाबरतात आणि टरफलांच्या राशीकडे दुर्लक्ष करतात. टरफलात तेल असतं. रास पेटली की वरची ज्वाळा पावडरने पटकन बसते आणि सगळे टाळ्या वाजवतात. पण आत धग तशीच असते, कारण पावडर गार करत नाही. थोड्या वेळाने रास पुन्हा पेट घेते. इथे पावडरीच्या जोडीला पाणी हवं, आणि दाताळ्याने रास पसरून आतपर्यंत भिजवायला हवी. पाण्याचा अग्निशामक एवढ्याला पुरणार नाही. पंपाला जोडलेला पाइप टरफलांपर्यंत पोचतो का ते आधीच बघून ठेवा. आणि त्या पंपाची वीज मेन स्विच पाडल्यावरही चालू राहील अशी वेगळी घेतलेली असावी. ही गोष्ट हमखास विसरली जाते. टरफलाच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, म्हणून उभं राहायचं ते वारा पाठीशी घेऊन.

फायबरच्या होड्या बांधणारी शेड माझ्या मते किनाऱ्यावरची सगळ्यात धोक्याची जागा आहे, आणि नेमकी तिथेच एखादा जुनाट सिलिंडर कोपऱ्यात पडलेला असतो. रेझिनमध्ये स्टायरिन असतं, त्याची वाफ पेट घेते. हात नि ब्रश धुवायला असिटोन. हार्डनर म्हणून वापरतात ते पेरॉक्साइड आणि कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटर थेट एकमेकांत पडले तर भडका उडू शकतो. त्यामुळे दोन्ही एका फळीवर ठेवायचे नाहीत. उरलेलं मिश्रण डब्यात तसंच सोडलं की ते घट्ट होता होता इतकं तापतं की धुमसू लागतं. संध्याकाळी शेड बंद करताना असा डबा आत राहू देऊ नका. अशा शेडला फोम किंवा एबीसी पावडर, आणि तीही दाराजवळ.

बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळला तर अग्निशामक शोधायला जाऊ नका. आधी माणसं वारा जिकडून येतो त्या बाजूला बाहेर काढा. त्या वायूने जीव जातो तो बहुतेकदा श्वासावाटे, आगीची वेळ त्यानंतरची.

मालवण-तारकर्लीकडच्या खानावळी नि होमस्टेंमध्ये कढईतलं तेल पेटतं. त्यावर पाणी टाकलं तर पेटतं तेल छतापर्यंत उडतं. पावडर किंवा सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड वायूचा) जोरदार झोत जवळून मारला तरी तेल उडू शकतं, शिवाय तापलेलं तेल पुन्हा पेटतं. गॅस बंद करायचा, कढईवर सरळ झाकण सरकवायचं आणि ती गार होईपर्यंत हलवायची नाही. मोठा फ्रायर असेल तर वेट केमिकल प्रकारचा अग्निशामक घ्या. महाग आहे, पण तळणाच्या तेलासाठीच बनवलेला आहे.

पायरी दुसरी: योग्य प्रकार निवडा

पाण्याचा अग्निशामक फक्त ‘ए’ साठी. चालू वीज आणि तेलावर अजिबात नाही. फोम ‘ए’ आणि ‘बी’ साठी, चालू विजेवर तोही नको. एबीसी पावडर तिन्ही वर्गांना चालते, म्हणून सगळीकडे तीच विकली जाते. तिच्यात मोनो अमोनियम फॉस्फेट असतं. ती विजेच्या आगीवरही मारता येते, पण नंतर संगणक, इन्व्हर्टर, जीपीएस, इको साउंडर (पाण्याची खोली मोजणारं यंत्र) यांच्या आत बसते आणि दमट हवेत धातू खाते. म्हणून ऑफिस, पॅनेल रूम आणि बोटीची केबिन इथे सीओटू ठेवा. तो काहीही मागे ठेवत नाही.

सीओटूचेही काही हट्ट असतात. त्याला प्रेशर गेज नसतो, त्यामुळे तो भरलेला आहे का हे वजनावरूनच कळतं. वारा असलेल्या उघड्या जागेत त्याचा वायू विरून जातो. लहान बंद खोलीत मारला तर मारणाऱ्यालाच प्राणवायू कमी पडतो. मारायचं आणि लगेच बाहेर यायचं. मारताना हॉर्न, म्हणजे वायू बाहेर पडतो ते पुढचं नळकांडं, इतका थंड होतो की हात चिकटून कातडी जळते, तेव्हा पकड मुठीवरच. आणि तो उन्हात टांगू नका. सुमारे ३१ अंशांच्या वर सीओटू द्रवरूपात राहत नाही, आतला दाब झपाट्याने वाढत जातो आणि अतिच तापला तर सुरक्षेची चकती फुटून सगळा वायू निघून जातो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली किती तापतं हे वेगळं सांगायला नको.

घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस १५६८३ हा क्रमांक बघा. बनवल्याचं वर्ष सिलिंडरवर ठोकलेलं असतं. स्टिकरवरच्यापेक्षा ते वर्ष खरं माना. बजेट असेल तर समुद्रालगतच्या जागेसाठी आणि बोटीसाठी स्टेनलेस स्टीलचं अंग असलेला घ्या.

वजनाचाही विचार करा. ६ किलो पावडरीचा अग्निशामक भरलेला नऊ-दहा किलोंचा होतो, साडेचार किलोचा सीओटू त्याहून बराच जड. काजूच्या कारखान्यात आगीजवळ बसलेल्या असतात त्या बायका. त्यांना तो उचलून चार पावलं पळता येतं का, हे खरेदीच्या आधी त्यांच्याच हातात देऊन बघा.

पायरी तिसरी: जागा ठरवा

आयएस २१९० या मानकानुसार कामाच्या कुठल्याही ठिकाणाहून अग्निशामक १५ मीटरच्या आत मिळाला पाहिजे. हे अंतर चालत जायचं आहे, भिंतीतून आरपार मोजायचं नाही. मधे पोत्यांची थप्पी असेल तर वळसाही मोजा.

अग्निशामक आगीच्या जागेत नको, त्या जागेच्या वाटेवर हवा. स्वयंपाकघरातला शेगडीच्या मागे टांगला तर ज्वाळेतून हात घालावा लागेल, दारापाशी टांगा. बोटीवरचा इंजिन रूममध्ये नको, झाकणाच्या बाहेर, केबिनजवळ. हाच नियम जनरेटरच्या खोलीला. कारण साधं आहे: तो घ्यायला जाताना माणूस बाहेरच्या वाटेकडे चाललेला असतो, आणि परतायचं की नाही हे तिथे उभं राहून ठरवता येतं.

जमिनीवर कधीच ठेवू नका. आपल्याकडे फरशीला पावसात घाम सुटतो, बर्फ नि मासळीच्या जागेत तर बारमाही खारं पाणी असतं. तळाचं कडं त्यातच सडतं. भिंतीवर ब्रॅकेटला, हँडल सहज हाताला येईल एवढ्या उंचीवर. ब्रॅकेटचे खिळे-स्क्रू स्टेनलेसचे वापरा, नाहीतर सिलिंडर शाबूत आणि ब्रॅकेट गळून खाली. पश्चिमेची भिंत, जिथे पावसाची झड येते, ती टाळा. उघड्यावर ठेवावाच लागला तर फायबरची पेटी घ्या, पण तिला कुलूप लावू नका आणि खाली पाणी जायला भोक ठेवा. प्लास्टिकची पिशवी बांधायची सवय मात्र सोडा. आत वाफ धरते आणि गंज लपतो.

बोटीवर पट्टा असलेला ब्रॅकेट लागतो. लाटेत सुटलेला सिलिंडर खलाशाच्या पायावर पडला म्हणजे तिसरंच प्रकरण उभं राहतं.

पायरी चौथी: दर महिन्याची पाच मिनिटं

एजन्सी वर्षातून एक-दोनदा येते, खारी हवा रोज येते. म्हणून महिन्याची तपासणी आपल्याच माणसाने करायची. एकाचं नाव ठरवा. "सगळे बघतील" म्हटलं की कोणी बघत नाही.

आधी तळ आणि ब्रॅकेटच्या पट्ट्याखालचा भाग. गंज सुरू होतो तो इथे, समोरून कधीच दिसत नाही. नुसता डाग असेल तर पुसून नोंद करा. खड्डे पडले असतील, पापुद्रे सुटत असतील, तर तो सिलिंडर दाबाखाली फुटू शकतो. त्याला बाजूला काढा आणि एजन्सीला बोलवा. वरून रंग मारून ठेवलेला दिसला तर नखाने खरवडून बघा. तपासणीच्या आधी रंग मारून नवा केलेला सिलिंडर मला नेहमी संशयास्पद वाटतो. रंगाखाली गंजही जातो आणि ठोकलेलं वर्षही.

मग गेज. काटा हिरव्यात हवा. पण काच धुरकट झाली असेल, आत पाण्याचे थेंब दिसत असतील तर काट्यावर विश्वास ठेवू नका, तो जागीच गंजून अडकलेला असू शकतो. सेफ्टी पिन थोडी फिरवून बघा, सील न तोडता. किनाऱ्यावर पिना भोकात गंजून बसतात आणि ऐनवेळी निघत नाहीत. वाल्व्हच्या पितळेवर हिरवट थर आला असेल तर लिहून ठेवा.

नोझल आणि हॉर्नमध्ये बोट घालून बघा. हे मी मुद्दाम वेगळं सांगतोय. कुंभारीण माशीला ते भोक फार आवडतं. ती चिखलाचं घर करते आणि चिखल वाळून दगडासारखा होतो. उंदीर होज कुरतडतात. पाल अंडी घालते. बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं आणि हँडल दाबल्यावर नुसतं फुसफुसतं.

पावडरवाला अग्निशामक उतरवून सावकाश उलटा करा, पावडर आत सरकल्याचं हाताला जाणवलं पाहिजे. बोटीवर, टेम्पोत आणि जनरेटरजवळ सततच्या हादऱ्यांनी ती तळाशी घट्ट बसते. काहीच सरकलं नाही तर ढेकूळ झालेलं आहे असं धरा. सीओटूचं वजन काट्यावर करा. आतल्या वायूच्या वजनात दहा टक्क्यांहून जास्त घट असेल तर रिफिलिंगला द्या. मासळीचा किंवा काजूचा काटा जवळ असतोच, त्याला वेगळा खर्च नाही.

शेवटी टॅगवर तारीख आणि सही. सही फेरी मारल्यावर करायची, टेबलाशी बसून नव्हे.

या महिन्याच्या फेऱ्यांखेरीज वर्षातून तीनदा जरा जास्त वेळ द्या. मेच्या अखेरीस, पावसाची झड सुरू व्हायच्या आधी जागा बदलायच्या असतील त्या बदला. गणपतीच्या सुट्टीला कारखाना बंद करण्यापूर्वी एकदा बघा, कारण तेव्हा राखणदार एकटा असतो आणि त्यालाच सगळं माहीत असावं लागतं. आणि दिवाळीच्या सुमारास, पावसाने काय केलं ते तपासायला. बोटवाल्यांना जून-जुलैची मासेमारी बंदी हीच उत्तम वेळ. नौका वर ओढलेली असताना सिलिंडर उतरवून एजन्सीकडे द्या आणि ऑगस्टमध्ये जाळ्यांबरोबर परत चढवा.

एक गोष्ट पुराची. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा दुकानं-कारखान्यांतलं पहिल्या मजल्याखालचं सगळं बुडालं. पाण्यात बुडालेला अग्निशामक नुसता धुऊन, पुसून पुन्हा टांगायचा नसतो. वाल्व्हमध्ये नि गेजमध्ये गाळ गेलेला असतो. तो एजन्सीकडून उघडून तपासून घ्या, आणि जुना असेल तर सरळ नवा आणा.

पायरी पाचवी: एजन्सी आणि कागद

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक एजन्सीकडून देखभाल करून घ्यायची आणि जानेवारी व जुलै असं वर्षातून दोनदा ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र सादर करायचं असतं. एजन्सीचा परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा आहे का आणि चालू आहे का ते विचारा. विचारल्याने कोणी रागावत नाही. रागावला तर दुसरी एजन्सी बघा.

मुदती लक्षात ठेवा. हायड्रो टेस्ट, म्हणजे सिलिंडरचं अंग पाण्याच्या दाबाखाली तपासणं, पाणी, फोम आणि पावडरीच्या अग्निशामकांची दर ३ वर्षांनी आणि सीओटूची दर ५ वर्षांनी. एकूण आयुष्य पहिल्या तिघांचं १० वर्षं, सीओटूचं १५ वर्षं. किनाऱ्यावर हे आकडे वरची मर्यादा समजा. तळ गेला असेल तर सहाव्या वर्षीही भंगारात.

रिफिलिंगला सिलिंडर नेताना बदली सिलिंडर ठेवल्याशिवाय नेऊ देऊ नका. परत आला की क्रमांक जुळवून घ्या. आणि जमलं तर एकदा तरी आपल्यासमोर उघडायला सांगा. जुनी पावडर गाळून तीच परत भरली जात नाही ना, हे बघण्याचा दुसरा मार्ग नाही.

पायरी सहावी: हातांना शिकवा

प्रशिक्षण मिळतं सुपरवायझरला, आग दिसते कामगाराला. सोलणाऱ्या बायका, खलाशी, भांडी घासणारा पोरगा, रात्रीचा राखणदार यांच्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी हँडल दाबलेलं असलं पाहिजे. बागांमध्ये आणि ट्रॉलरवर नेपाळी कामगार बरेच असतात. त्यांना हिंदीत सांगा आणि भिंतीवर चित्रं लावा. मराठी सूचनाफलक नुसता लावला म्हणजे झालं, असं होत नाही.

सरावासाठी नवा सिलिंडर फोडायची गरज नाही. ज्याचं रिफिलिंग जवळ आलंय पण अंग धड आहे, तो सरावाला वापरा. मोकळ्या अंगणात लोखंडी ट्रेमध्ये थोडी लाकडं पेटवा, बाजूला पाण्याची बादली. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाचे जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात नगरपरिषदेच्या किंवा एमआयडीसीच्या केंद्राला विनंती केली तर प्रात्यक्षिकाला माणसं येण्याची शक्यता जास्त.

पायरी सातवी: आग लागली तर

आधी ओरडा. मग एकाने १०१ किंवा ११२ ला फोन, एकाने मेन स्विच, एकाने गॅसचा वाल्व्ह. फोनवर वाडीचं नाव, महामार्गावरून कुठे वळायचं आणि मोठी गाडी कुठपर्यंत येते हे सांगा. वळणावर माणूस उभा करा. हे सगळं विझवण्याच्या आधी किंवा त्याच वेळी व्हायला हवं, नंतर नाही.

विझवायचं की नाही हे तीन गोष्टींवर ठरवा. आग कचऱ्याच्या डब्याएवढीच आहे का? बाहेरची वाट तुमच्या पाठीमागे मोकळी आहे का? धूर अजून डोक्याच्या वर आहे का? एकाचंही उत्तर नाही असेल तर दार ओढून घ्या आणि निघा. माल, जाळी, काजूची पोती यांची भरपाई होते.

उत्तर होय असेल तर:

पिन ओढा. हँडल दाबून ठेवलं असेल तर पिन निघत नाही, घाईत हेच होतं. पकड ढिली करून ओढा.

दोन-अडीच मीटरवरून, आगीच्या मुळाशी नेम धरा. ज्वाळेच्या शेंड्यावर मारलेली पावडर वाया जाते.

हँडल दाबा आणि झोत डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरका.

६ किलोचा अग्निशामक साधारण पंधरा-वीस सेकंदांत संपतो. तेवढ्यात आग बसली नाही तर बाहेर. बसली तरी पाठ फिरवू नका, तोंड आगीकडे ठेवूनच मागे या.

उघड्यावर वारा पाठीशी घ्या. दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात, म्हणजे किनाऱ्याकडे पाठ. रात्री मतलई वारे उलटे, जमिनीकडून. पावसाळी हवेत हा हिशेब चालत नाही, तेव्हा धूर कुठे जातोय ते बघा.

गॅसगळतीच्या ज्वाळेला एक अपवाद. वाल्व्ह बंद करता येत नसेल तर ज्वाळा विझवू नका. विझली तरी गॅस साचत राहतो आणि पुढची ठिणगी खोलीच उडवते. आजूबाजूचं पाण्याने गार ठेवा आणि माणसं लांब न्या.

इंजिन रूममध्ये आग असेल तर झाकण सताड उघडून बघू नका, तुम्ही तिला वारा देता. फटीतून सीओटू सोडा, झाकण आणि हवेच्या वाटा बंद करा, डिझेलचा कॉक बंद करा, आणि पुरेसा वेळ जाऊ द्या. तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, तेवढ्यात वायरलेसवर कळवायचं.

नंतर

अर्धवट वापरलेला अग्निशामक ब्रॅकेटला परत टांगू नका. वाल्व्हच्या बैठकीत पावडर अडकते आणि उरलेला दाब काही दिवसांत निघून जातो. आडवा ठेवून त्यावर खडूने ‘रिकामा’ लिहा आणि त्याच दिवशी रिफिलिंगला पाठवा. पावडर आधी झाडून, मग ओल्या फडक्याने पुसा, विजेच्या वस्तूंवरची तर लगेच. दमट हवेत ती रात्रीत चिकटते. पावडर पडलेलं अन्न, बर्फ आणि मासळी टाकून द्या. जागेचे फोटो साफसफाईच्या आधी काढा, विमा कंपनी तेच मागते, आणि सोबत महिन्याच्या तपासणीची वही आणि शेवटचा फॉर्म बी.